पानावरची विडी

यंदा सर्वपित्रीला आईच्या पानावर विडी ठेवायची की नाही, यावरून माझं आणि नवऱ्याचं असं वाजलं की वरचे भाडोत्री दारं उघडून जिन्यात आले. येऊ दे म्हटलं, ऐकू दे. माझा आवाज पहिल्यापासून मोठा आहे आणि त्या दिवशी तो कमी करायची मला अजिबात इच्छा नव्हती.

आई म्हणजे माझी सासू, पुतळाबाई. घणसोली गावात तिला सगळे ओळखायचे, कारण ती धवलारीण होती. आमच्या आगरी लोकांत भटजी येतो तो नंतर. आधी धवलारीण मांडवात बसते आणि धवले गाते. गाता गाता घरच्या देवांना बोलावते, मेलेल्या माणसांना नाव घेऊन बोलावते, त्यांची पानं मांडते, आणि ते सगळे येऊन बसले असं मानलं की मग पोरीच्या अंगाला हळद लागते. आता हळदीला डीजे असतो, पण धवलारीण बसली की तो बंद. आईने नुसता हात वर केला की डीजेवाला गपचूप आवाज बंद करायचा, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय.

धवले गायला दोघी लागतात. एकीने ओळ म्हणायची, दुसरीने ती उचलायची. आई म्हणणारी आणि बाळाबाई उचलणारी. बाळाबाई आमच्याच आळीतली, आईची लहानपणापासूनची मैत्रीण. एकीने कुठे श्वास घेतला ते दुसरीला न बघता कळायचं. आणि दोघी विडी ओढायच्या. दोन धवल्यांच्या मधे मांडवाच्या मागे जाऊन एकाच काडीवर दोघींच्या विड्या पेटायच्या.

मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात आईच्या विडीने माझ्या माहेरच्या गोधडीला भोक पाडलं. तिथून आमचं सुरू झालं. "आई, एक दिवस घराला आग लावाल तुमी," मी म्हणायची. ती शांतपणे म्हणायची, "लागली तं पानी हाय बावरीत." विहीर बुजवून त्यावर बिल्डिंग उभी राहिली तरी तिचं उत्तर तेच. मी धुराने वैतागायची, खिडक्या आपटायची, ती मला "यशोदे, तुझं नाक लय लांब" म्हणून हसायची. सासरे गोटीराम तर दिवसभर विडीच ओढायचे. ते गेले तेव्हा मला वाटलं आता घरातला धूर अर्धा होईल. कसला होतोय. आई त्यांच्या वाटणीची पण ओढायला लागली.

मग माझ्या सोनलचं लग्न ठरलं. मुलगा दिघ्याचा, दिपेश. साखरपुडा झाला आणि त्याच सुमारास आईचा आवाज बसायला लागला. आधी सकाळी बसायचा आणि चहा घेतला की सुटायचा. मग दिवसभर बसायला लागला. एका लग्नात तर मधेच ओळ तुटली आणि बाळाबाईने सावरून नेली. लोकांना कळलं नसेल, पण आई घरी आली ती तोंड फिरवून झोपली. दुसऱ्या दिवशी आपणहून मला म्हणाली, "मना डाक्टरकडं ने." जी बाई ताप आला तरी गोळी घ्यायची नाही, ती असं म्हणाली.

वाशीच्या घशाच्या डॉक्टरांनी तपासलं आणि सांगितलं, विडी आजपासून बंद. थोडे दिवस बघू, नाही फरक पडला तर दुर्बिणीने आत बघायला लागेल. आईने एवढंच विचारलं, "नातीच्या लग्नात गायला येल कं?" डॉक्टर म्हणाले, विडी सोडलीत तर आशा आहे, ओढत राहिलात तर काही सांगू शकत नाही.

घरी आल्यावर आई ओट्यावर बसली आणि सगळ्यांना बोलावलं. म्हणाली, "गावभरच्या पोरींना हलदी लावल्या मी. आथा आपल्या नातीच्या टायमाला मुकी बसू? मी विडी सोडते. पन एकटी नाय सोडनार. मना सोबत पायजे."

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. बाळाबाई पायरीवर बसली होती, तिने लगेच कमरेची विड्यांची पुडी काढली आणि गटारात टाकली. म्हणाली, "तू नाय तं मी कोनाबरोबर पेटवू? मी पन सोडते." आता राहिला सीताराम, माझा नवरा. तो कॉलेजपासून सिगरेट ओढतोय. न्हावा शेव्याला क्लिअरिंग एजंटच्या ऑफिसात आहे. दिवसभर यार्डात कागद घेऊन उभं राहायचं, ट्रेलरच्या रांगा, कंटेनर सुटेपर्यंत डोक्याला ताप, आणि प्रत्येक तापाला एक सिगरेट. तो हळूच चप्पल शोधत होता. सोनल म्हणाली, "बाबा, कुठे चाललात? आजी काय बोलली ऐकलं ना?" लेकीने असं भर ओट्यावर पकडल्यावर माणूस जातो कुठे. "बरं," म्हणाला. त्याचं तोंड असं झालं होतं की मला मनातून लई बरं वाटलं.

आमच्याकडे वरच्या खोलीत गीतांजली राहायची, साताऱ्याकडची, हॉस्पिटलात नर्स. तिने आईला समजावलं, "काकी, तल्लफ येती आणि जाती. ती जाईपर्यंत फक्त काहीतरी करत बसायचं, पाणी प्यायचं, काही तोंडात टाकायचं." आईने विचारलं, ती जायला वेळ किती लागतो? गीतांजली म्हणाली, "एक गाणं होईपर्यंत."

झालं. आईने ते अक्षरशः घेतलं. तल्लफ आली की ती धवला म्हणायची. भांडी घासताना, देवळात, बाजारात वांगी निवडताना. बसलेल्या आवाजात, हळू, पण पूर्ण. अर्ध्यावर सोडला तर विडी जिंकली, असा तिचा हिशेब. गावात कोणाचं लग्न नाही, मांडव नाही, आणि आमच्या घरातून सकाळपासून हळदीची गाणी. नवीन भाडोत्री विचारायचे, तुमच्याकडे लग्न आहे का. मी म्हणायची, आहे, विडीचं.

आळीने पण साथ दिली. आई ज्या दारात बसेल तिथली बाई न विचारता लवंग आणून हातावर ठेवायची. आधी जिथे काडेपेटी पुढे यायची तिथे आता लवंग. पानटपरीवाल्याला सोनलने सांगून ठेवलं होतं, आजीला विडी दिलीस तर टपरी उलटी करीन. तो बिचारा आईला लांबून बघूनच मान हलवायचा. पहिले दिवस वाईट गेले. तिने माझ्यावर डाव फेकून मारला, भातात मीठ जास्त झालं म्हणून. बाळाबाईशी कशावरून तरी भांडली आणि दोघी शेजारी बसून एकमेकींकडे पाठ करून लवंगा चघळत होत्या. पण सोडली. दोघींनी सोडली. त्या तेवढ्या वर्षांत मी तिला पहिल्यांदा म्हटलं, "आई, तुमी भारी हाव." ती म्हणाली, "मंग? तुना आज कललं?"

सीतारामचं वेगळंच. घरात तो आईसमोर साधू, पण यार्डात कोण बघणार? तर त्यावर आईनेच उपाय काढला. म्हणाली, तल्लफ आली की मना फोन लाव. तो लाजला, पण एकदा खरंच लावला. आईने फोन कानाला लावला आणि सरळ धवला सुरू केला. तिकडे ट्रेलरचे हॉर्न, हा कंटेनरच्या सावलीत फोन धरून उभा, आणि कानात आई. नंतर रोजचं झालं. ड्रायव्हर लोक चिडवायचे, "साहब, किसकी शादी है?" गाणं संपेपर्यंत तल्लफ गेली की तो फोनवर नखाने दोनदा टकटक करायचा. आई पण इकडून दोनदा टकटक करायची आणि फोन ठेवायची. बाकी बोलणं नाही. माझा नवरा इतका मोठा बाप्या, पोरीचं लग्न काढलेला, आणि दुपारी आईला फोन करून गाणं ऐकतो. मी तोंड लपवून हसायची, आणि हसता हसता मला रडू पण यायचं, खोटं कशाला सांगू.

आवाज मात्र नीट सुटला नाही. मधे थोडा बरा झाला, परत घोगरा झाला. गीतांजली सारखी सांगायची, काकी, दुर्बिणीने बघून घ्या. मी चार वेळा रिक्षा आणली. आई हलली नाही. "लगीन होऊं दे, मंग काय ता कापा," म्हणायची. बाळाबाई छातीठोक सांगायची, विडी बाहेर पडतेय, इतक्या वर्षांचा धूर, निघताना घसा खरवडणारच. सगळ्या आळीला ते पटलं होतं. आवाज बसला की बायका उलट तिचं कौतुक करायच्या, बघ, निघतोय धूर.

तुळशीची लग्नं झाली आणि सोनलची हळद आली. मांडव भरला. आई नवं लुगडं नेसून बसली, शेजारी बाळाबाई. डीजे बंद झाला. आणि तिने पहिली ओळ म्हटली. आवाज फाटका होता, जुन्या साडीसारखा, पण ओळ कुठे तुटली नाही. एकेक देव आला. मग पितर यायला लागले. सासऱ्यांचं नाव आलं तेव्हा सीतारामने नेहमीप्रमाणे पानाशेजारी विडी आणि काडेपेटी ठेवली.

आमच्या घरातली ही पद्धत. बापाच्या पानावर भात, मटण, वडे आणि पेटलेली विडी. नुसती नाही चालत, पेटलेली लागते, आणि पेटवायची तर कोणीतरी एक झुरका ओढायलाच लागतो. तो झुरका दरवेळी आईचा. मी बघत होते. तो एक झुरका काय करू शकतो ते गीतांजलीने आम्हाला दहादा सांगितलं होतं.

आईने गाणं थांबवलं. विडी उचलली आणि पानापासून लांब ठेवली. मग सासऱ्यांच्या पानाकडे बघून, ते समोर मांडी घालून बसल्यासारखं, म्हणाली, "आवो, आयकता कं. यंदा विडी नाय. मी सोडली, तुमच्या पोरानी पन सोडली. मना एकटीला जमत नाय. तुमी पन नका ओढू. मना सोबत द्या." आणि विडीच्या जागेवर तोंडातली लवंग नाही, पदराच्या गाठीतली नवी लवंग काढून ठेवली.

मांडवात हसू पण आलं आणि चार बायकांनी डोळे पण पुसले. मेलेल्या नवऱ्याला विडी सोडायला लावणारी बाई मी दुसरी बघितली नाही. फक्त भाऊकीतले एक म्हातारे काका पुटपुटले, पितराचं पान अर्धं ठेवलं, बरं नाही केलं. तेव्हा कोणी लक्ष दिलं नाही. आईने पुढची ओळ घेतली, बाळाबाईने उचलली, आणि माझ्या सोनलला हळद लागली. त्या रात्री झोपताना आई मला म्हणाली, "झाला. माजा काम झाला." मी म्हटलं, आता उद्या सासरी पाठवायची आहे, काम कसलं झालं. ती नुसती हसली.

पूजा, मांडव परतणी सगळं आटपल्यावर ती स्वतः रिक्षात बसली. दुर्बिणीने बघितलं, तुकडा काढला, रिपोर्ट आला. कॅन्सर. मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात नेलं तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, स्वरयंत्र काढायला लागेल. गळ्याला भोक ठेवतील, तिथून श्वास. आवाज परत येणार नाही. सीताराम भिंतीला डोकं टेकून उभा राहिला. आईने मला विचारलं, "सोनलचा झालाय ना आथा? मंग कारा." जणू दातच काढायचाय.

तिच्या आवाजातलं शेवटचं वाक्य कोणाला बोलली माहीत आहे? मला. ऑपरेशनला नेताना म्हणाली, "यशोदे, खिरक्या आपटू नको, काचा फुटतील." मी अजून खिडकी लावताना हात आवरते.

त्यानंतर घर असं गप्प झालं की मला फ्रीजचा आवाज ऐकू यायला लागला. आई ओट्यावर बसायची, गळ्याला पातळ रुमाल बांधून. बाळाबाई येऊन शेजारी बसायची. ही म्हणणारी मुकी, आणि ती उचलणारी, तिच्याकडे उचलायला काही नाही. दोघी लवंगा चघळत बसायच्या. बाळाबाईला लग्नांची बोलावणी यायची, तिने एक घेतलं नाही.

आणि दुपारी फोन वाजायचा. पहिल्या दिवशी वाजला तेव्हा मी म्हटलं, मेल्याला अक्कल आहे का, आईला कशाला फोन करतो. मी उचलायला गेले तर आईने माझा हात बाजूला केला. फोन कानाला लावला, आणि बोटातल्या चांदीच्या वेढ्याने फोनच्या पाठीवर ठेका धरला. धवल्याचा ठेका. सगळा धवला, पहिल्यापासून शेवटपर्यंत, नुसता टकटक. तिचे ओठ हलत होते. मला शब्द सगळे पाठ, मला कळत होतं ती कुठे आहे. शेवटी तिकडून दोनदा टकटक झालं असेल, कारण तिने पण दोनदा केलं आणि फोन ठेवला. मी मोरीत जाऊन नळ सोडला आणि रडले.

असं बरेच महिने चाललं. मग दुखणं परत वर आलं आणि डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं. भाऊकीतले ते काका बघायला आले आणि सीतारामला ओट्यावर घेऊन बसले. काय भरवायचं ते भरवलं. बापाची विडी तोडली, बाप रागावलाय, तो तिला न्यायला बसलाय. मी चहा घेऊन गेले तेव्हा एवढंच कानावर पडलं. मी त्यांच्या हातात कप दिला आणि म्हटलं, "काका, चहा प्या आणि घरी जा." माझ्या तोंडाला लागत नाही कोणी. पण सीतारामच्या डोक्यात ते गेलं ते गेलंच. आई कशाने आजारी पडली ते शिकलेल्या माणसाला मी काय सांगू? त्याला सगळं माहीत आहे. पण आई जात असली की माणूस काहीही मानतो.

त्याच संध्याकाळी तो विड्यांचं बंडल घेऊन आला. आईच्या उशाशी बसला आणि म्हणाला, "आये, ओढ आथा. आथा काय ऱ्हायलंय." मला इतका संताप आला. गळ्याला भोक, ती ओढणार कुठून? पण तो वेडा झाला होता. आईने बंडल हातात घेतलं, वास घेतला, डोळे मिटले. मला वाटलं ठेवते आता छातीशी. तिने ते माझ्या हातात दिलं आणि मोरीकडे बोट दाखवलं. मग सीतारामच्या शर्टाच्या खिशावर हात ठेवला, सिगरेटचं पाकीट असायचं त्या खिशावर, आणि मान हलवली, नको. तो हात तिथेच ठेवून झोपली. चैत्रात गेली.

यंदा तिचं वर्षश्राद्ध झालं. म्हणून सर्वपित्रीला पहिल्यांदा दोन पानं मांडायची होती, सासऱ्यांचं आणि आईचं. सकाळीच सीतारामने बंडल आणून टेबलावर ठेवलं. म्हणाला, दोन विड्या पेटवायच्या, एक बापाला, एक आईला.

मी म्हटलं, आईच्या पानावर विडी पडणार नाही.

"तिला आवडायची. आयुष्यभर ओढली तिनी."

"आणि सोडली पन तिनीच. कशी सोडली ते या घरात मी बघितलंय. डाव खाल्लाय मी. मरताना हातात दिलीस ती पन तिनी मोरीत टाकायला लावली. आणि आता ती मेली म्हणून तू तिच्या पानावर ठेवनार? ज्या बाईने जित्या तोंडाला नाय लावली तिला मेल्यावर पाजनार?"

"बापाची बंद केली म्हणून त्यानी तिला नेली," तो ओरडला. "परत तसं नको व्हायला."

"मग बापाला बोलव," मी म्हटलं, "मीच विचारते त्याला." इथेच भाडोत्री बाहेर आले.

दुपारी गच्चीवर पानं मांडली. आमच्या गच्चीभोवती आता चारी बाजूंनी टॉवर, कोणाच्या तरी बाल्कनीतून एक बाई बघत होती. बाळाबाई काठी टेकत आली, नावं घ्यायला. ती आली तेव्हा सीताराम आईच्या पानापाशी विड्या घेऊन उभा आणि मी मधे. सोनल दिघ्याहून आली होती, ती बिचारी दोघांना "बस ना, बस ना" करत होती.

बाळाबाईने सगळं ऐकून घेतलं. मग सीतारामला म्हणाली, "ठेव. तुझी आय, तू ठेव. पन नुसती नाय ठेवायची. पेटव."

मी बाळाबाईकडे बघतच राहिले. तिच्याकडून मला ही अपेक्षा नव्हती.

सीतारामने विडी ओठात धरली, काडी ओढली, आणि झुरका घेतला. आणि मी ते बघितलं. ठसका नाही, काही नाही. धूर आत घेतला, ठेवला आणि नाकातून सोडला, रोज ओढणारा माणूस सोडतो तसा. तीन वर्षं न ओढलेल्या माणसाला विडी अशी लागत नाही. मी त्याच्या शर्टाला लवंगेचा वास यायचा म्हणून खूश होते. मला वाटायचं, आईची आठवण जपतोय. इतक्या लवंगा का लागतात त्याला, ते मला त्या झुरक्यात कळलं.

सोनलला पण कळलं. ती "बाबा" एवढंच म्हणाली.

त्याने आमच्याकडे बघितलं नाही. विडी हातात जळत होती. बाळाबाई त्याच्याकडे बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर जरासुद्धा आश्चर्य नव्हतं. तिला नाक आहे, माझ्यापेक्षा लांब. ज्याने सोडलीय त्याला दुसऱ्याचं कळत असेल.

"कवापासून?" तिने विचारलं.

"आयच्या बाराव्यापासून," तो म्हणाला. "मांडववाल्याच्या टेम्पोमागं. त्या दिवशी दुपारी तल्लफ आली आणि मी फोन काढला. लावायला गेलो."

माझ्या तोंडात इतकं काही आलं होतं. दीड वर्ष मला फसवलंस, आईला फसवलंस, लेकीला. पण तो गच्चीवर बसला, आईच्या पानासमोर. पन्नाशीचा माणूस, पोटावर शर्ट ताणलेला, लहान पोरासारखा पाय दुमडून बसला. त्याने विडी फरशीवर चुरडली. दुसरी विडी, बापाची, ती पण कुस्करून टाकली. बाळाबाईने पदराची गाठ सोडली आणि दोन लवंगा माझ्या हातावर ठेवल्या. मी एक सासऱ्यांच्या पानावर ठेवली आणि एक आईच्या.

मग बाळाबाईने नावं घ्यायला सुरुवात केली. सासऱ्यांचं नाव घेतलं. आईचं नाव घेतलं, आणि ओळ म्हणून थांबली. तिची आयुष्यभराची सवय, उचलण्याची, म्हणायची नाही. ती म्हणून थांबली आणि पुढे उचलायला कोणी नव्हतं. मला सगळं पाठ आहे, पण मी सीतारामकडे बघत होते.

तेव्हा सीताराम पानाकडे बघून बोलला. हळू बोलला, पण मी शेजारीच होते.

"आये, आयकतेस कं. मना एकट्याला जमत नाय. तू पन नको ओढू. मना सोबत दे."

त्याने हात पुढे केला आणि पानाशेजारी फरशीवर नखाने दोनदा टकटक केलं. मग कान देऊन बसला. आम्ही कोणी हललो नाही. भात थंड झाला, समोरच्या बाल्कनीतली बाई आत निघून गेली, तरी तो तसाच बसून होता.